डबी गळ्यात असताना

आमच्या चर्चमध्ये रविवारी सकाळी सातच्या मराठी मिस्सेनंतर आम्ही चार-पाच जण वेदीपाशी थांबतो. ज्या आजारी माणसांना चर्चपर्यंत येणं जमत नाही, त्यांना घरी जाऊन कम्युनियन द्यायचं काम आमच्याकडे आहे. फादर प्रत्येकाच्या हातात घड्याळाच्या तबकडीएवढी एक सोनेरी डबी देतात. तिच्यात गव्हाच्या पातळ चकतीच्या रूपातलं ख्रिस्तशरीर असतं, आमच्या रोजच्या बोलण्यात होस्ट. जितकी माणसं तितके होस्ट. डबी कापडी पिशवीत घालायची, पिशवी गळ्यात अडकवून शर्टाच्या आत छातीशी ठेवायची आणि निघायचं.

नियम अगदी थोडे आहेत. वाटेत रेंगाळायचं नाही. गप्पा मारायच्या नाहीत. डबी गळ्यात असताना कुणाकडे खायचं-प्यायचं नाही. होस्ट उरलाच तर परत चर्चमध्ये आणायचा, नाहीतर श्रद्धेनं स्वतः ग्रहण करायचा. हे मला प्रशिक्षणात नीट शिकवलं होतं, आणि पुढे दोन वर्षं नव्या लोकांना मीच शिकवत होतो. तेव्हा जे झालं ते अज्ञानातून झालं असं म्हणायची सोय मला नाही.

या कामासाठी फादरांनी माझं नाव काढलं तेव्हा मी नको म्हणालो होतो. आमच्यात असं तीनदा नको म्हणायची पद्धत आहे. तिसऱ्यांदा म्हटल्यावर पुन्हा विचारलंच नाही तर काय घ्या, म्हणून मी दोनदाच म्हणालो. मग रविवारचा एक पांढरा शर्ट वेगळा काढला, त्याला बायकोकडून कडक इस्त्री करून घ्यायला लागलो. रस्त्यात ओळखीची ख्रिस्ती माणसं माझ्या गळ्यातली फीत बघून थबकायची आणि कपाळावर-छातीवर क्रूसाची खूण करायची. ती खूण डबीतल्या प्रभूसाठी असे, पण मान मी डोलवायचो.

एरवी मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहतो. तीस वर्षं तेच. तिथे मला बघून कुणी थबकत नाही.

माझ्या यादीत दोन घरं होती. एक चर्चपासून पाच मिनिटांवरच्या टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर. तिथे अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले एक निवृत्त साहेब होते. दुसरं घर भांडुपच्या टेकडीवर. तिथे रिक्षा एका वळणावर हात टेकते आणि पुढे पायऱ्या सुरू होतात. एकशे बत्तीस पायऱ्या. मी त्या मोजल्या होत्या आणि चर्चमध्ये बोलताना तो आकडा कुठे ना कुठे घालायचोच.

टेकडीवरच्या घरात मावशी राहायची. सख्खी नव्हे. माझ्या आईच्या गावाकडची, नगर जिल्ह्यातली, म्हणून मावशी, आणि मावशी म्हणून अगं-तूगं. वय ऐंशीच्या पुढे. नवरा गेला, मागून मुलगाही गेला, आता ती आणि सून. सून एका नर्सिंग होममध्ये आयाचं काम करते, रविवारीसुद्धा सकाळी सातला घर सोडते. मावशीचे गुडघे कामातून गेलेले, पावलांवर कायमची सूज, त्यात साखरेचा आजार. पलंगापासून दारातल्या खुर्चीपर्यंत, एवढीच तिची ये-जा.

मी पोहोचायच्या आधी त्या खुर्चीसमोर स्टूल मांडलेलं असायचं. त्यावर मावशीनं कधीकाळी विणलेला क्रोशाचा पांढरा रुमाल, लहानसा क्रूस, मेणबत्ती आणि पाण्याचा पेला. हे सगळं शेजारची वहिनी मांडून द्यायची. ती बौद्ध घरातली, सासर-माहेर दोन्ही मराठवाड्यातलं. कम्युनियन म्हणजे नेमकं काय हे तिला ठाऊक नसावं, पण रुमालाची नक्षी कुठल्या बाजूला आली पाहिजे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि मावशीचा उपास. पूर्वी कम्युनियन घ्यायचं तर आदल्या रात्रीपासून तोंडात काही घालायचं नाही असा नियम होता. आता तो एका तासावर आलाय, आणि आजारी माणसांना तर तेवढंही बंधन नाही. मी तिला हे एकदा सांगितलं होतं. ती म्हणाली, "मला माज्या आईनं शिकवलंय बाबा. आधी देव, मग भाकर." सून जाता जाता साखरेची गोळी तिच्या हातावर ठेवायची. मावशी ती घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. चहाचा थर्मास आणि झाकलेल्या दोन चपात्या तशाच राहायच्या. मी पावणेनऊपर्यंत पोहोचायचो. दहा मिनिटांत प्रार्थना आणि कम्युनियन व्हायचं, मग ती चहात चपाती बुडवून खायची.

गोळी पोटात आणि पोट रिकामं, याचा अर्थ मला कळत नव्हता असं नाही. 'जेवणानंतर' हा शब्द पाकिटांवर लिहिण्यातच माझा जन्म गेला. तरी मी तिला रागावलो नाही. सुनेशी बोललो नाही. खरं सांगायचं तर तो उपास मला आवडायचा. प्रशिक्षणात मी तो रंगवून सांगायचो. टेकडीवर उपाशीपोटी वाट बघणारी म्हातारी, आणि तिच्यासाठी घामाघूम होऊन एकशे बत्तीस पायऱ्या चढणारा मी. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. माझेही यायचे.

गेल्या वर्षी ऑगस्ट संपता संपताचा रविवार. साहेबांचा मुलगा परदेशातून बायको-मुलांना घेऊन आला होता. बहीण, मेहुणे, सगळे जमलेले. साहेबांना कम्युनियन देऊन झालं आणि मी निघायला वळलो, तर त्यांच्या मिसेसनी वाट अडवली.

"आज पळायचं नाही हं तुम्ही. सगळे आलेत ना, दोन शब्द सांगा. तुम्ही बोललात की छान वाटतं."

मी म्हणालो, "मला अजून एक घर आहे." म्हणालो खरं, पण बोलता बोलता बूट काढायला वाकलोही.

त्या रविवारचं शुभवर्तमान मेजवानीबद्दलचं होतं. बोलावणं आलं तर वरच्या जागेवर जाऊन बसू नका, शेवटच्या जागेवर बसा, असं प्रभू सांगतो तो भाग. तो मी त्यांच्या डायनिंग टेबलाच्या पहिल्या खुर्चीत बसून समजावून सांगितला. खुर्ची त्यांनीच ओढून दिली होती. मी अर्धा तास बोललो. नम्रतेविषयी मला फार छान बोलता येतं. मग बशा आल्या. खिमा, पाव, कटलेट, घरी केलेला केक. मी नको म्हणालो, दोनदाच. मेहुणे म्हणाले, "फादरपेक्षा तुमचं जास्त समजतं, खरंच." त्या वाक्यावर मी आणखी एक कटलेट घेतलं. पिशवीवर तेलाचा डाग पडू नये म्हणून ती शर्टाच्या आत आणखी खाली सरकवली. एवढी काळजी मी नक्की घेतली.

खाली आलो तेव्हा सव्वादहा वाजून गेले होते. टेकडीच्या पायथ्याशी रिक्षातून उतरलो तेव्हा दहा चाळीस. पावसानं पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. पोट जड झालं होतं. खालून मावशीचं घर दिसत नाही, फक्त त्या ओळीच्या छपरांवरची निळी ताडपत्री दिसते. मी वर बघत उभा राहिलो.

आता इतक्या उशिरा काय जायचं, असं मनात आलं. तिनं केव्हाच चहा घेतला असेल. एक रविवार चुकला म्हणून काय होतंय? पायरीवरून घसरलो आणि डबी पडली तर? हा शेवटचा विचार मला विशेष आवडला, कारण त्यात भक्ती होती.

पायथ्याला मित्रमंडळाची पत्र्याची शेड आहे, तिच्यात बाक आहे. मी त्या बाकावर बसलो, डबी उघडली, क्रूसाची खूण केली आणि मावशीचा होस्ट स्वतः घेतला. उरलेला होस्ट स्वतः ग्रहण करायला परवानगी आहे, हे मी तुम्हाला आधीच सांगितलंय. तोंडात अजून केकची चव होती.

घरी बायकोनं विचारलं, "मावशी बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हणालो.

सोमवारी सकाळी शेजारची वहिनी दुकानात आली. मी काउंटरवरच होतो. ती म्हणाली, "भाऊ, ग्लुकोज पावडर द्या. मोठा डबा."

"कुणाला गं?"

"कुणाला काय, तुमच्या मावशीला! काल वाट लागली होती आमची. साडेबाराला मी सहज डोकावले, तर खुर्चीत अशी कलंडलेली. घामानं ओलीचिंब. हाक मारली तर ओळखच देईना. चपात्या झाकलेल्या तशाच. मी आणि आमच्या ह्यांनी चमच्याचमच्यानं साखरपाणी घातलं तोंडात. अर्ध्या तासानं डोळे उघडले. आणि डोळे उघडल्या उघडल्या काय म्हणाली, माहितेय? 'तो आला का?'"

मी ग्लुकोजचा डबा फडताळातून काढत होतो. तो काउंटरवर ठेवला आणि बिल करायला घेतलं.

"मी म्हटलं, आधी खा, मग बघू कोण येतंय. तर ऐकेना. म्हणे, तो आल्याशिवाय राहायचा नाही, काहीतरी अडचण आली असणार त्याला. शेवटी सुनेला फोन लावला, ती ओरडली तेव्हा खाल्लं. आला का नाहीत हो तुम्ही?"

"ताप होता," मी म्हणालो. तापाच्या गोळ्यांचं फडताळ माझ्या पाठीमागेच होतं.

तिनं पैसे मोजून ठेवले. "अंगावर काढू नका मग. सांगते तिला," म्हणाली आणि डबा घेऊन गेली. त्या दिवशी मी तीन गिऱ्हाइकांना चुकीची औषधं काढून दिली. तिन्ही वेळा काउंटरवरच्या माझ्या सोबत्यानं पकडलं म्हणून निभावलं.

घरी आल्यावर एक म्हातारं माणूस आपल्यामुळे मरता मरता वाचलं, हे मी बायकोलाही सांगू शकलो नाही. तिला काय सांगणार? काल 'बरी आहे' म्हणालो होतो.

पुढच्या रविवारी मी टॉवर बाजूला ठेवला आणि आधी मावशीकडे गेलो. साडेआठच्या आत. रुमाल, क्रूस, मेणबत्ती, पेला, सगळं जागच्या जागी. मी खुर्चीसमोर गुडघ्यावर बसलो तशी तिनं माझ्या कपाळाला हात लावला. हात थंड आणि खरखरीत होता.

"उतरला का रे बाबा ताप?"

"उतरला."

"उतरणारच. बुधवारी आन् शुक्रवारी उपास धरला मी तुज्यासाठी. जपमाळ बी केली. मारियामाता ऐकते."

दारात उभी असलेली वहिनी फणकारली, "ऐका आता! नुसतं पाणी पिऊन बसली होती दोन दिवस. मी सांगून थकले. सुनेला कळलं तर घर डोक्यावर घेईल."

पोटात गोळी आणि नुसतं पाणी, आणि तेही मला न आलेल्या तापासाठी! मी म्हणालो, "मावशी, असं नको करूस गं. तुझ्या तब्येतीला झेपत नाही ते. देव आजाऱ्याकडून उपास मागत नाही."

"तू आजारी पडलास तवा मी काय बसून ऱ्हाऊ?"

तिथेच सांगायला हवं होतं. मी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. कम्युनियनच्या आधी सगळ्यांनी आपले अपराध कबूल करून छातीवर तीनदा मूठ मारायची असते. मावशीनं मारली. मीही मारली. माझी मूठ डबीच्या पिशवीवर लागत होती. मग, आपल्या छपराखाली प्रभूनं यावं अशी आपली लायकी नाही, अशा अर्थाचं वाक्य येतं. ते म्हणताना मावशी दर वेळी मान वर करून आपल्या गळक्या पत्र्याकडे बघते. लाजत नाही. पाहुण्याला घर दाखवतो तशी बघते. इतकी वर्षं ते वाक्य मी फक्त पाठ म्हणत आलोय, हे मला त्या दिवशी कळलं.

शनिवारी मी कन्फेशनला गेलो. फादर माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान आहेत. मी सगळं सांगितलं, कटलेटसकट. शेवटी म्हणालो, "मी या कामाला लायक नाही. मला मोकळं करा."

जाळीपलीकडून ते म्हणाले, "राजीनामा दिलात तर लोक विचारतील का दिला. तुम्ही म्हणाल, मी लायक नाही. ते म्हणतील, काय नम्र माणूस आहे! तेवढं नको. काम चालू ठेवा. आणि हे मला सांगून भागणार नाही. ज्यांना खोटं सांगितलंत त्यांना खरं सांगा."

मला राग आला. खरोखर आला. कारण राजीनाम्याचं भाषण मी मनात तयार केलं होतं.

त्या रविवारी मी मावशीला सांगायचं ठरवून गेलो. वर पोहोचेपर्यंत वाक्यं जुळवत होतो. कम्युनियन झालं, तिनं चहा ओतून घेतला आणि मी म्हणालो, "मावशी, मला ताप नव्हता. मी खोटं बोललो."

तिनं चपाती चहातच राहू दिली.

"मी खाली आलो होतो. पायथ्यापर्यंत. पण पायऱ्या बघून... शेवाळ होतं. चढवेना. मी परत फिरलो."

इतकं बोललो आणि गप्प झालो. टॉवर, टेबल, केक, 'फादरपेक्षा तुमचं जास्त समजतं', यातलं काहीच तोंडातून निघेना. चढवेना हे सांगणं सोपं होतं. त्यात म्हातारपण होतं, त्याची कीव येऊ शकत होती. अर्धं सांगून मी तिच्याकडून पूर्ण माफी मिळवू बघत होतो.

मावशी माझ्या गुडघ्यांकडे बघत होती. "आधी सांगायचं न्हाई का येड्या," ती म्हणाली. "माज्या ध्यानातच न्हाई आलं. तुजं बी वय झालं की आता." मग तिनं चपाती खाल्ली, आणि तिनं एवढ्या सहज घेतलं म्हणून मी हलका होऊन पायऱ्या उतरलो. उतरताना मी एक गाणंसुद्धा गुणगुणत होतो, हे आठवलं की आजही कान गरम होतात.

पुढचा रविवार. साडेआठचा सुमार. रिक्षातून उतरलो आणि पैसे द्यायला खिशात घातलेला हात तसाच राहिला.

पायऱ्यांच्या पायथ्याशी, मित्रमंडळाच्या शेडच्या पत्र्याखाली, लाल प्लास्टिकच्या खुर्चीत मावशी बसली होती. धुतलेलं नऊवारी, डोक्यावर पदर, सुजलेल्या पायांत लोकरीचे मोजे. समोर स्टूल. स्टुलावर क्रोशाचा रुमाल, नक्षी बरोबर बाजूला. क्रूस. पेला. वाऱ्यानं विझू नये म्हणून मेणबत्ती अर्ध्या कापलेल्या पाण्याच्या बाटलीत उभी केलेली. शेजारी वहिनी, तिचा नवरा आणि त्या ओळीतलाच एक दांडगा माणूस, तिघेही घामानं निथळत होते. पलीकडे सार्वजनिक नळावर बायका हंडे घेऊन उभ्या होत्या आणि सगळ्याजणी इकडेच बघत होत्या.

"ऐकलंच नाही हो," वहिनी म्हणाली. "सून कामाला गेल्यापासून धोशा लावलाय. त्याला चढवत नाही, मला खाली न्या. खुर्चीसकट उचलून आणलंय. दोनदा घसरलो आम्ही."

मावशीनं मला जवळ बोलावलं. "ये. आता तुला तरास न्हाई. दर ऐतवारी येत जाईन मी."

माझे गुडघे ठणठणीत आहेत. शेवाळ पाच मिनिटांत चपलेनं घासून निघालं असतं. मी सांगितलेलं ती दर वेळी अक्षरशः खरं धरत होती आणि आपल्या अंगावर झेलत होती. मी ताप म्हणालो, ती उपाशी राहिली. मी पायऱ्या म्हणालो, तिनं आपला देह त्याच पायऱ्यांवरून खाली आणवला. आणखी एखादं खोटं तिला परवडलं नसतं, मलाही नाही.

डबी काढायला मी शर्टात हात घातला, पण हात बाहेर येईना. मी तिच्यासमोर सिमेंटवर बसलो आणि सगळं सांगितलं. हळू आवाजात, पण वहिनीला ऐकू गेलं असणार. टॉवर. परदेशातून आलेला मुलगा. पहिली खुर्ची. मी किती छान बोललो ते. मला आग्रह झाला आणि तो मला हवा होता. मग या समोरच्या बाकावर बसून मी तिचा वाटा खाल्ला, पोट भरलेलं असताना. "तू तिकडे बेशुद्ध पडत होतीस मावशी, आणि मी तुझ्या उपासाच्या गोष्टी लोकांना सांगत फिरत होतो," असंही काहीतरी बोललो. रडत होतो. नळावरच्या बायका पाणी भरायचं विसरल्या होत्या.

मावशीची नजर त्या बाकावर गेली, मग माझ्यावर आली.

"काय होतं खायला?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"त्यांच्यात. काय काय केलं होतं?"

मी सांगितलं. खिमा, पाव, कटलेट, केक. एकेक पदार्थ तिच्यासमोर उच्चारताना जी लाज वाटली, तशी कन्फेशनमध्ये वाटली नव्हती. ती सगळं लक्ष देऊन ऐकत होती. तिच्या पोटात त्या घडीला एक गोळी आणि घोटभर पाणी होतं.

"केक घरचा का?" तिनं विचारलं.

"घरचा."

"हं," ती म्हणाली. मग पदर सारखा केला. "बरं, आता आधी देव दे. चहा थांबलाय."

मी तिला देव दिला. दुसरा शब्द मला सुचत नाही. तिनं मान वर करून त्या वाक्याच्या वेळी छपराकडे बघितलं, तर वर शेडचा पत्रा होता. तेवढ्यानंही तिचं भागलं. वहिनीनं थर्मास उघडला आणि मावशीनं तिथेच, रस्त्यात, चहा-चपाती खाल्ली. मी नंतर थर्मासचं झाकण लावून दिलं. माझ्याकडून तोवर एवढीच सेवा झाली होती.

तिला वर न्यायची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, मी धरतो. वहिनीच्या नवऱ्यानं माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि खालची बाजू मला दिली. चढताना सगळं वजन खालच्या माणसावर येतं हे त्याला ठाऊक होतं. मला पाच पायऱ्यांत कळलं. वरची बाजू त्या दोघांनी धरली. मावशीचं तोंड माझ्याकडे होतं आणि तिचे मोजे घातलेले पाय माझ्या छातीवर, नेमके डबीच्या पिशवीवर टेकले होते. डबीत साहेबांचा होस्ट होता. पिशवी बाजूला घ्यावी असं मला वाटलं, पण दोन्ही हात खुर्चीत अडकलेले. तसेच चढत राहिलो.

पन्नासेक पायऱ्यांवर माझे हात थरथरायला लागले. शर्ट अंगाला चिकटला, डोळ्यांत घाम उतरला, तो पुसता येईना. मागून वहिनी स्टूल, रुमाल, क्रूस सांभाळत येत होती. गुडघे ठणठणीत असलेल्या माणसाला धाप लागत नाही असं थोडंच आहे.

मावशीनं मला माफ केलंय की नाही हे मला आजही माहीत नाही. तिनं तसं कधी म्हटलं नाही, मला विचारायचं धाडस झालं नाही. आता मी दर रविवारी सगळ्यात आधी तिच्याकडे जातो आणि ती खाईपर्यंत मीही खात नाही. गोळीचं मी सुनेशी बोललोय. ती गोळी आता कम्युनियननंतर वहिनी देते. हे खरं तर पहिल्याच वर्षी करायचं काम होतं. नव्या लोकांना शिकवायला आता दुसरं कुणीतरी जातं.

पण त्या सकाळी, अर्ध्या वाटेवर, मी एका पायरीवर अडकलो. पुढचा पाय उचलेना. वरचे दोघे थांबले. मावशीनं पदराचं टोक पुढे करून माझ्या डोळ्यांवरचा घाम पुसला, आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली,

"दमलास तर थांब बाबा. परत मात्र फिरू नगंस."